एसीएफची मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये क्लिनिकल ट्रेनिंग आणि संशोधन एकत्र करायचं असेल, तर अ‍ॅकॅडमिक क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे एसीएफ, हा मळलेला रस्ता. महाराष्ट्रातून प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची परीक्षा) देऊन गेलेले, तिथे ट्रस्ट ग्रेडवर, म्हणजे ट्रेनिंगबाहेरच्या नोकरीत, काम करणारे आणि अजून पुण्या-नागपुरातूनच अर्जाचा विचार करणारे डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या आहेत. इथलं सगळं इंग्लंडपुरतं.

एसीएफ म्हणजे नेमकं काय?

स्पेशालिटी ट्रेनिंगचीच जागा, पण वेळेची वाटणी वेगळी: ७५ टक्के वॉर्ड-ओपीडी-थिएटर, २५ टक्के संशोधन. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, जीपी (फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगमध्ये चार. २००५ च्या वॉलपोर्ट अहवालातून ही रचना आली आणि एनआयएचआर ही सरकारी पैशावर चालणारी आरोग्य-संशोधन संस्था तिला पैसा पुरवते. एसीएफमध्ये पीएच.डी. मिळत नाही. पीएच.डी.साठी लागणाऱ्या फेलोशिपचा अर्ज तयार करणं, हे तिचं काम. त्यानंतरची पायरी क्लिनिकल लेक्चरर. तिथे वाटणी निम्मी-निम्मी असते आणि संशोधनाची पदवी आधी हातात लागते.

पॅनलला नक्की काय हवं असतं?

छत्तीस महिन्यांचे २५ टक्के म्हणजे नऊ महिने. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, कारण सगळी मुलाखत त्याच्याभोवती फिरते. या उमेदवाराला नऊ महिने दिले तर शेवटी वेलकम, एमआरसी किंवा एनआयएचआर या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांकडे पाठवण्याजोगा फेलोशिपचा अर्ज तयार होईल का, एवढंच पॅनल तपासत असतं. तुमचे जुने पेपर, बक्षिसं, थिसिस हे त्याचे पुरावे. पुरावे भरपूर आणि नऊ महिन्यांचा हिशेब कोरा, अशा उमेदवाराला गुण कमी पडतात. दोनच पोस्टर असलेला, पण महिन्यांचा हिशेब मांडणारा उमेदवार त्याच्या पुढे जातो.

भारतात एमबीबीएस किंवा एमडी केलंय. अर्ज चालतो का?

जीएमसीची (ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलची) नोंदणी किंवा ती वेळेत मिळण्याची पात्रता, इंटर्नशिपनंतर किमान बारा महिन्यांचा अनुभव आणि युकेमधलं फाउंडेशन (पदवीनंतरचं दोन वर्षांचं प्रशिक्षण) केलं नसेल तर क्रेस्ट फॉर्म, म्हणजे तितकी क्षमता असल्याचा कन्सल्टंटचा दाखला, हे एसटी१ पातळीला, म्हणजे स्पेशालिटी ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला, लागतं. क्रेस्टवर सही करणाऱ्या कन्सल्टंटसोबत तुम्ही सलग तीन महिने तरी काम केलेलं असावं लागतं. हा फॉर्म फेटाळला जातो तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने: एखादा चौकोन टिक न केलेला, एखादं पान स्कॅनमध्ये राहिलेलं. सरांकडून सही झाली की तिथेच उभं राहून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघून घ्या. नंतर त्यांच्या मागे फिरण्यात आठवडे जातात.

एक मोठी गोष्ट मात्र बदलते आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ट्रेनिंगच्या जागांसाठी ब्रिटनमधल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं धोरण मांडलं आहे. मागच्या वर्षी मित्राला काय लागू होतं, यावर विसंबू नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीचे पात्रतेचे नियम मुळातून वाचा आणि मगच तयारीत वेळ घाला.

दोन मुलाखती द्याव्या लागतात, हे खरं का?

खरं. आणि इथेच चांगले उमेदवार पडतात. ज्यांच्याकडे त्या स्पेशालिटीचा ट्रेनिंग नंबर (म्हणजे त्या ट्रेनिंगमधली जागा) आधीपासून नाही, त्यांना एसीएफच्या मुलाखतीबरोबर त्या स्पेशालिटीची राष्ट्रीय निवडप्रक्रियाही पार करून ‘नेमणुकीस योग्य’ ठरावं लागतं. याला क्लिनिकल बेंचमार्किंग म्हणतात. एसीएफची ऑफर हातात असूनही बेंचमार्किंगमध्ये घसरलात, तर ऑफर जाते. संशोधनाच्या नादात क्लिनिकल तयारी मागे ठेवणं म्हणजे लग्न ठरवून हॉल बुक न करणं.

तयारी कधी सुरू करायची?

अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये ओरिएल या पोर्टलवर उघडतात. मुलाखती त्यानंतरच्या हिवाळ्यात. म्हणून जून-जुलै ही खरी सुरुवात. त्या दोन महिन्यांत विषय आणि शहरं ठरवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संभाव्य सुपरवायझरशी बोला. मुलाखतीचं पत्र आल्यावर जे दोन-तीन आठवडे मिळतात ते फक्त बोलण्याच्या सरावाचे. त्यात नवं वाचन सुरू करू नका. मुलाखतीचं पत्र आल्यावर प्राध्यापकांना पहिला ई-मेल करणारे दरवर्षी असतात आणि तो ई-मेल कधी आला, हे त्या प्राध्यापकांच्या लक्षात राहतं.

प्राध्यापकांना ई-मेलमध्ये काय लिहायचं?

दीडशे शब्द. जाहिरातीतल्या जागेचं नाव, तुम्ही सध्या कुठे काम करता, त्यांच्या एखाद्या अलीकडच्या पेपरमधला नेमका मुद्दा आणि त्यावरचा तुमचा एक प्रश्न, शेवटी वीस मिनिटं भेट किंवा कॉल. सीव्ही सोबत जोडा. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग डॉक्टर’ हा आपल्याकडचा साचा टाळा. तसे दहा ई-मेल त्यांना रोज येतात आणि न उघडता जातात.

भेटीत तुम्ही विचारायचे प्रश्न जास्त महत्त्वाचे. संशोधनाचा वेळ सलग तीन-तीन महिन्यांच्या ब्लॉकमध्ये मिळतो की आठवड्याला दिवस धरून? दिवस धरून असेल तर आठवड्याला सव्वा दिवस होतो, आणि रोटात (ड्यूटीच्या वेळापत्रकात) माणूस कमी पडला की पहिला बळी त्याचाच जातो. ब्लॉकमध्ये असताना ऑनकॉल असतात का? याआधीच्या एसीएफने पुढे फेलोशिप मिळवली का? शक्य झालं तर त्या आधीच्या एसीएफशीच बोला. प्राध्यापक जे सांगणार नाहीत ते तो पाच मिनिटांत सांगतो.

मुलाखत कशी असते?

बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, साधारण वीस ते तीस मिनिटं. समोर विद्यापीठातला अ‍ॅकॅडमिक लीड, ट्रेनिंग प्रोग्रॅमकडचं कुणी तरी आणि अनेकदा एक सामान्य नागरिक प्रतिनिधी. हा प्रतिनिधी डॉक्टर नसतो. तुमचं संशोधन त्याला कळलं नाही, तर तो गुणपत्रिकेत तसं नोंदवतो. म्हणून कॉलेजच्या व्हायव्हाची सवय इथे उपयोगाची नाही. आपल्या व्हायव्हात परीक्षक मध्येच तोडतो, एका शब्दाचं उत्तर पुरतं, ‘पुढे?’ म्हटलं की पुढे जायचं. इथे कुणी तोडत नाही आणि ढकलतही नाही. एका प्रश्नाला दीड ते दोन मिनिटं, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं उत्तर तुम्हालाच उभं करावं लागतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. चाळीस सेकंदांत थांबत असाल तर मुद्दे कमी आहेत, तीन मिनिटांवर गेलात तर ते गुणपत्रिकेत शोधावे लागतील.

‘तुमच्या संशोधनाबद्दल सांगा’ यावर काय बोलायचं? माझ्याकडे एमडीचा थिसिसच आहे.

थिसिस कमी समजू नका. सिनॉप्सिस लिहिणं, एथिक्स कमिटीपुढे उभं राहणं, रुग्ण गोळा करणं, स्टॅटिस्टिशियनकडे खेटे घालणं हे सगळं एकट्याने केलेले उमेदवार ब्रिटनमध्येही कमीच. एमबीबीएसला असताना आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना केली असेल, तर तीही सांगण्यासारखी.

अडचण भाषेची आहे. मराठीत आपण विनयाने ‘आम्ही केलं’ म्हणतो, काम एकट्याचं असलं तरी. तेच इंग्रजीत ‘वी’ होऊन उतरतं आणि वर ‘माय गाइड टोल्ड मी’ची भर पडते. पॅनल ऐकताना विचार करतं: मग याने काय केलं? खालची दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा.

पहिलं: ‘आम्ही डेंग्यूच्या शंभर रुग्णांचा अभ्यास केला, प्लेटलेट आणि लिव्हर एन्झाइमचा संबंध पाहिला, तो सिग्निफिकंट आला.’

दुसरं: ‘डेंग्यूचा कोणता रुग्ण बिघडणार, हे पहिल्या दिवशी ओळखता येईल का, हा माझा प्रश्न होता. शंभर रुग्ण मी स्वतः तपासून नोंदवले. मधल्या काळात लॅबने एन्झाइमची पद्धत बदलली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडता येईनात. मी दोन्ही गट वेगळे तपासले आणि ही मर्यादा थिसिसमध्ये लिहिली. एकाच रुग्णालयातले रुग्ण असल्याने निष्कर्ष सगळीकडे लागू होत नाही. पुन्हा केलं तर नमुन्याचा आकार आधी गणित करून ठरवीन.’

काम तेच. दुसऱ्यात प्रश्न आहे, ‘मी’ आहे, बिघाड आहे आणि त्यातून घेतलेला निर्णय आहे. संशोधनात काय बिघडलं हे सांगायला लाजू नका. काहीच बिघडलं नाही म्हणणाऱ्यावर विश्वास बसत नाही.

प्रकाशनं किती हवीत?

ठरावीक आकडा नाही. ‘सबमिटेड’ आणि ‘अ‍ॅक्सेप्टेड’ यात फरक करा. स्वीकारपत्र नसेल तर पेपर प्रकाशित म्हणून लिहू नका, ही थेट प्रामाणिकपणाची बाब ठरते. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलमधले पेपर गाळलेले बरे, कारण पॅनल पबमेडवर बघतं. यादीतल्या प्रत्येक पेपरबद्दल तुमचा वाटा एका वाक्यात सांगता आला पाहिजे. विभागप्रमुखांचं नाव रिवाजाने घालायची पद्धत आपल्याकडे आहे. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या लेखकत्वाच्या निकषांत ते बसत नाही, आणि लेखकत्वावर प्रश्न आला तर हे निकष माहीत असावेत.

पेपर वाचून मत द्यायला सांगतात. तो कसा वाचायचा?

काही ठिकाणी अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधी देतात, काही ठिकाणी तिथल्या तिथे. सराव एखाद्या गाजलेल्या ट्रायलवर करा. कोविडच्या उपचारांवरच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलचा डेक्सामेथासोनचा भाग उत्तम.

आधी प्रश्न मांडा: कोविडने रुग्णालयात भरती झालेले रुग्ण, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस, तुलना नेहमीच्या उपचारांशी, मोजायचं काय तर २८ दिवसांतले मृत्यू. डेक्सामेथासोन गटात २१०४ आणि दुसऱ्यात ४३२१ रुग्ण. गट असमान का, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: वाटणी ठरवूनच एकास दोन होती.

मग निकाल. एकूण मृत्यू २२.९ टक्के विरुद्ध २५.७ टक्के. पण खरी गोष्ट उपगटांत आहे. व्हेंटिलेटरवरच्यांत २९.३ विरुद्ध ४१.४, म्हणजे १२.१ टक्क्यांचा फरक. १०० ला १२.१ ने भागा: सुमारे ८ जणांना औषध दिलं की एक मृत्यू टळतो. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २३.३ विरुद्ध २६.२, फरक २.९, म्हणजे सुमारे ३५ जण. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र १७.८ विरुद्ध १४.०, आकडा उलट्या दिशेला. दोन गटांच्या मृत्युदरांच्या गुणोत्तराचं विश्वासमध्यांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) १ च्या, म्हणजे ‘फरक नाही’च्या, दोन्ही बाजूंना पसरलेलं असल्याने ‘नुकसान सिद्ध झालं’ म्हणता येत नाही. ‘फायदा दिसला नाही, अपाय नाकारता येत नाही’ इतकंच म्हणा. हे एक वाक्य नेमकं बोलणारा उमेदवार पॅनलच्या लक्षात राहतो.

त्यानंतर उणिवा. ट्रायल ओपन-लेबल होती, डॉक्टरांना औषध माहीत होतं. इथे बरेच जण ‘म्हणजे बायस’ म्हणून थांबतात. पुढचं वाक्य बोला: मोजलेली गोष्ट मृत्यू आहे, ती कोणाच्या मतावर बदलत नाही, म्हणून ओपन-लेबलचा तोटा इथे कमी. वेदनेची पातळी मोजली असती तर हाच दोष मोठा ठरला असता. शेवटी: तुमच्या वॉर्डात याने काय बदलेल? हा भाग विसरू नका.

स्टॅटिस्टिक्स किती यायला हवं?

सूत्रं कुणी विचारत नाही. पी-व्हॅल्यू आणि विश्वासमध्यांतर यांचा अर्थ साध्या भाषेत, पॉवर म्हणजे काय, इंटेन्शन-टु-ट्रीट का करतात, रँडमायझेशन आणि अलोकेशन कन्सीलमेंट यांतला फरक, सहसंबंध आणि कारण यांतला फरक. हे नागरिक प्रतिनिधीला कळेल असं सांगता आलं की झालं. ‘पी ०.०५ पेक्षा कमी म्हणजे निकाल खरा असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे चुकीचं वाक्य एमडी झालेल्यांच्या तोंडीही असतं. ते मोडून काढा. फरक मुळात नसताच तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, एवढाच त्याचा अर्थ.

एथिक्सचे प्रश्न कसे येतात?

सहसा प्रसंग देऊन. सहकाऱ्याने आकडे बनवल्याचा संशय आला तर? पुरावा जपा, सुपरवायझरकडे जा, सुपरवायझरच गुंतलेला असेल तर विद्यापीठाच्या संशोधन-प्रामाणिकतेच्या यंत्रणेकडे, आणि रुग्णांना धोका असेल तर वाट बघू नका. ‘आधी त्याला बाजूला घेऊन समजावीन’ एवढ्यावर थांबणारं उत्तर कमी पडतं. इतिहास विचारला तर एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्डचा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर आणि २०१० मध्ये तो मागे घेतला जाणं, संमतीसाठी २०१५ चा माँटगोमेरी निकाल, ऊतींचे नमुने साठवण्यासाठी २००४ चा ह्यूमन टिश्यू कायदा. ऑडिट, सर्व्हिस इव्हॅल्युएशन आणि संशोधन यांतला फरकही येतो. पहिल्या दोन्हींना रिसर्च एथिक्स कमिटीची मंजुरी सहसा लागत नाही, संशोधनाला लागते आणि त्याचा अर्ज आयरास या ऑनलाइन प्रणालीवरून जातो. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण आधीच करून ठेवा.

पीपीआय म्हणजे काय आणि त्याला एवढं महत्त्व का?

पेशंट अँड पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट. भारतातून आलेल्यांचे गुण इथे हमखास जातात. रुग्णाची संमती घेणं किंवा त्याला अभ्यासात भरती करणं म्हणजे पीपीआय नव्हे. प्रश्न ठरवताना, माहितीपत्रक लिहिताना, कोणता परिणाम मोजायचा हे ठरवताना रुग्णांना बरोबर घेणं, म्हणजे पीपीआय. संशोधनाचा पैसा करदात्यांचा आहे, म्हणून एनआयएचआर त्याबाबत कडक आहे. तुमच्या विषयाची जेम्स लिंड अलायन्सची पहिल्या दहा प्रश्नांची यादी असेल तर ती वाचून जा. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून काढलेली ती यादी असते, आणि तुमचा प्रश्न तिच्यात बसत असेल तर अर्धं काम झालं.

नऊ महिन्यांचा आराखडा कसा मांडायचा?

नवी ट्रायल उभी करीन, असं म्हणू नका. मंजुऱ्यांतच मुदत संपेल. पहिले तीन महिने: सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, प्रोटोकॉल प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदवहीवर नोंदवून. त्याच वेळी डेटा मिळवण्याचा अर्ज, कारण यूके बायोबँकसारख्या संचाची परवानगी यायला महिने लागतात. त्यात पाच लाख लोकांची माहिती आहे, पण ते भरतीच्या वेळी ४० ते ६९ वयाचे होते. तुमचा विषय लहान मुलांचा असेल तर तो संच कामाचा नाही, हे पॅनलने सांगण्याआधी तुम्ही सांगा. मधले तीन महिने: विश्लेषण किंवा पायलट. शेवटचे तीन: फेलोशिपचा अर्ज. डेटा वेळेत आला नाही तर काय करणार, हा प्रश्न येणारच. दुसरा रस्ता तयार ठेवा. बहुतेकदा तो रिव्ह्यूच असतो.

उच्चार, इंग्रजी, ‘सर’ म्हणणं: याचा परिणाम होतो का?

उच्चाराचा नाही, वेगाचा होतो. घाबरल्यावर आपण भरभर बोलतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. ‘सर’-‘मॅडम’ची गरज नाही. प्रोफेसर किंवा डॉक्टर आडनावाने म्हणा, ब्रिटनमधले सर्जन बरेचदा मिस्टर किंवा मिस असतात. स्वतःची ओळख नुसत्या नावाने करून द्या.

भारतातून ऑनलाइन मुलाखत देणार आहे. काय सांभाळायचं?

पहिली चूक वेळेची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं मागे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. तिथली दुपारी चारची मुलाखत म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ, शेजारी टीव्हीवरची मालिका सुरू असण्याची वेळ. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, मोबाईलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, पासपोर्ट हाताशी ठेवा. समोर कागद ठेवून वाचलं की डोळ्यांवरून लगेच कळतं.

निकाल लागल्यावर?

ऑफर ओरिएलवर येते आणि उत्तराला ४८ तास मिळतात. नाइट ड्यूटी असेल तर गजर लावा. नाही मिळाली तर गुण आणि अभिप्राय मागा. संशोधन करायला एसीएफच लागते असं नाही. नेहमीच्या ट्रेनिंगमधून काही काळ बाहेर पडून पीएच.डी. करता येते, आणि क्लिनिकल रिसर्च फेलोच्या जागा एनएचएस जॉब्स या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर वर्षभर निघतात. दुसऱ्या खेपेला अर्ज करताना मागच्याच प्राध्यापकांना पुन्हा लिहायला संकोच करू नका. वर्षभरात काय केलं, एवढं चार ओळींत लिहा आणि मागच्या भेटीत त्यांनी सुचवलेला पेपर वाचला असेल, तर त्यावरचा प्रश्न जोडा.